बॉक्सवर नाव कुणाचं, जबाबदारी कुणाची

पत्र बार्शीहून आलंय, थोडं कापून देतेय:

"ताई नमस्कार. आमचं बार्शीत इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे, वडिलांनी इन्व्हर्टर-बॅटरीपासून सुरू केलं, आता मी मोबाईल, ॲक्सेसरीज आणि थोडी रिपेअरिंग पण करतो. गिऱ्हाईक जुने फोन, चार्जर, बंद पडलेले इयरबड्स, फुगलेल्या बॅटऱ्या सगळं आमच्याकडेच टाकून जातं. मागच्या खोलीत एक लोखंडी ड्रम ठेवलाय तो भरत आलाय. भंगारवाला सगळं एकदम उचलतो म्हणतो, आणि इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटरीला तर डिस्ट्रिब्युटरपेक्षा जास्त भाव देतो. दुसरं म्हणजे दिवाळीला दुकानाच्या नावाने पॉवर बँक आणि ब्लूटूथ स्पीकर काढायचा विचार आहे, मुंबईचा एक इम्पोर्टर आपलं नाव छापून माल देतो. आमचे सीए म्हणतात आधी ईपीआर (माल टाकाऊ झाल्यावर ब्रँडवाल्यावर राहणारी जबाबदारी) बघून घ्या. वडील म्हणतात बार्शीत कोण बघायला येतंय. तर ताई, ही रिसायकलिंगची जबाबदारी नक्की कुणाची, कंपनीची का आमची? आणि गावातली एक पतसंस्था जुने कॉम्प्युटर आणि यूपीएस फुकट घेऊन जा म्हणतेय, घेऊ का?"

भाऊ, सगळ्यात आधी तो ड्रम. कायदा, ईपीआर, सीए हे सगळं नंतर बघू, हे वाचून झालं की आधी मागच्या खोलीत जा.

लोखंडी ड्रममध्ये फोन, चार्जरच्या पिना, सुट्ट्या बॅटऱ्या, वायरी असं सगळं एकत्र पडलं की बॅटरीच्या दोन टोकांना धातू लागून शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही, आणि लिथियमची बॅटरी एकदा तापायला लागली की ती स्वतःच स्वतःला तापवत जाते, शेजारची पेटते, मग त्याच्या शेजारची. त्यात फुगलेली बॅटरी म्हणजे आत गॅस धरलेला असतो, पापुद्रे आधीच सुटलेले असतात, तिच्यावर वरून एखादा जड चार्जर पडला तरी पुरतं. म्हणून सुट्ट्या बॅटऱ्या आधी वेगळ्या काढा. प्रत्येकीच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, साधी इलेक्ट्रिकवाल्याची काळी टेप चालते. रिमोटमधले, घड्याळातले बटण सेल असतील तर दोन्ही बाजूंना टेप, आणि ते लहान पोरांच्या हाताला लागतील असे कुठंच ठेवू नका, गिळले तर अन्ननलिका जळते. फुगलेल्या असतील त्या कोरड्या वाळूत, एका बादलीत, एकमेकींना न टेकता ठेवा, झाकण ठेवायचं तर सैल. बादली माळ्यावर नको, नव्या मालाच्या खोक्यांजवळ नको, उन्हात तर नकोच. दाबून हवा काढायची नाही, सुई लावायची नाही, आणि यूट्यूबवर बघून मिठाच्या पाण्यात बुडवायची पण नाही. तुमच्याकडे रिपेअरिंगला पोरगा असेल तर त्याला हे नीट समजावून सांगा, कारण फोन उघडून बॅटरी उचकटून काढताना चेहरा सगळ्यात जवळ त्याचा असतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न, कंपनीची का आमची.

आपल्याकडे दोन वेगळे नियम आहेत आणि लोक इथंच गोंधळतात. एक ई-कचऱ्याचे, म्हणजे ई-कचरा व्यवस्थापन नियम 2022, हे 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. दुसरे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम 2022, हे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आले. फोन, चार्जर, टीव्ही, स्पीकर पहिल्यात येतात, आणि त्यातली बॅटरी बाहेर काढली की ती दुसऱ्यात जाते. ई-कचऱ्याच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की टाकाऊ बॅटऱ्या आमच्याकडे येत नाहीत, त्यांचं दुसरीकडे बघा. म्हणजे तुमच्या एकाच ड्रमात दोन कायद्यांचा माल पडलाय.

दोन्हीकडे मूळ गोष्ट मात्र एकच आहे, ती म्हणजे ईपीआर. जो माल स्वतःच्या ब्रँडने बाजारात आणतो, त्या मालाचं आयुष्य संपल्यावर तो गोळा होऊन नीट रिसायकल होतोय हे बघायची आणि त्याचा खर्च सोसायची जबाबदारी त्याचीच. ई-कचऱ्यात हिशोब असा की त्या वस्तूचं सरासरी आयुष्य धरायचं, तितक्या वर्षांपूर्वी कंपनीने किती टन माल विकला ते बघायचं आणि त्याच्या ठराविक टक्के आज रिसायकल झाल्याचं दाखवायचं. 2023-24 आणि 2024-25 साठी 60 टक्के, त्यापुढची दोन वर्षं 70, आणि 2027-28 पासून 80. कंपनी स्वतः हातोडा घेऊन बसत नाही, ती नोंदणी असलेल्या रिसायकलरकडून सर्टिफिकेट विकत घेते. रिसायकलरने इतकं सोनं, तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड काढलं, त्याचं सर्टिफिकेट केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर तयार होतं, ते कंपनी घेते आणि आपलं टार्गेट भरते. या सर्टिफिकेटचा भाव फार पडू नये म्हणून 2024 मध्ये किमान दर ठरवला गेला, घरगुती इलेक्ट्रॉनिक्सला किलोला 22 रुपये, आणि त्यावरून काही मोठ्या कंपन्या दिल्ली हायकोर्टात गेल्या. एवढ्यावरूनच कळेल की हा खर्च कुणाच्या खिशातून जायचा यावर खरी ओढाताण आहे.

यात तुमचा उल्लेख कुठंय? 2016 च्या ई-कचरा नियमांत डीलर होता. कंपनीने गोळा करायचं काम डीलरला दिलं असेल तर त्याने दुकानात डबा किंवा ठराविक जागा ठेवावी, आणि आलेला माल अधिकृत ठिकाणीच पोचवावा, असं त्यात लिहिलेलं होतं. 2022 च्या नियमांत डीलर गेला, कलेक्शन सेंटर गेलं, फक्त चौघं राहिले: उत्पादन करणारा, ब्रँडवाला म्हणजे प्रोड्यूसर, दुरुस्त करून पुन्हा विकणारा म्हणजे रिफर्बिशर, आणि रिसायकलर. बॅटरीचं पण तसंच झालं. 2001 चे जे जुने बॅटरी नियम होते, फक्त लेड-ॲसिडचे, त्यात डीलरने नवीन बॅटरी विकताना जुनी जमा करून घ्यायची, त्याबद्दल गिऱ्हाइकाला सूट द्यायची आणि दर सहा महिन्यांनी राज्याच्या मंडळाला हिशोब पाठवायचा असं बंधन होतं. वडिलांना विचारा, त्यांनी इन्व्हर्टर-बॅटरीचा धंदा त्या काळात केला असेल तर त्यांना हे माहीत असणार. 2022 चे बॅटरी नियम डीलरलाही लागू आहेत असं सुरुवातीलाच म्हटलंय, पण डीलरने नक्की काय करायचं याचं वेगळं कलम आता नाही. बॅटरी गोळा करणाऱ्या कुणालाही मात्र ती नोंदणी असलेल्या रिफर्बिशर किंवा रिसायकलरकडेच द्यावी लागते, आणि मागच्या खोलीत बॅटऱ्या साठवणारे तुम्ही त्या अर्थाने गोळा करणारेच झालात.

मला स्वतःला दुकानदाराला असं बाजूला काढणं चुकीचंच वाटतं. गिऱ्हाईक कंपनीच्या वेबसाईटवर जात नाही, टोल फ्री नंबर लावत नाही, ते जिथनं घेतलं तिथंच परत आणून ठेवतं. युरोपात हे ओळखून नियम केलेत. तिथं 400 चौरस मीटरपेक्षा मोठं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान असेल तर 25 सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तू, म्हणजे फोन, चार्जर, इयरबड्स, नवीन काही विकत न घेतासुद्धा फुकट परत घ्यावी लागते. जर्मनीत गाडीची बॅटरी घेताना जुनी दिली नाही तर साडेसात युरो अनामत द्यावी लागते आणि जुनी आणून दिली की परत मिळते. तिकडे राहणारे आपले लोक सुट्टीत घरी आले की सांगतात, किराणा दुकानाच्या दारातच सेल टाकायचा डबा असतो म्हणून. आपल्याकडे दुकानदाराला ना बंधन, ना मोबदला, आणि ड्रम मात्र त्याच्याच खोलीत. कंपनी सर्टिफिकेट विकत घेऊन मोकळी होते, तो माल तुमच्या काउंटरवरून गेला का कुठल्या दुसऱ्या शहरातून गेला याच्याशी पोर्टलला देणंघेणं नाही. पण म्हणूनच तुम्ही कंपनीच्या मागे लागायला पाहिजे, गप्प बसून भंगारवाल्याला बोलवायला नको.

ते कसं, तर असं. तुम्ही ज्या ज्या ब्रँडचा माल विकता त्यांच्या डिस्ट्रिब्युटरला आणि एरिया मॅनेजरला लेखी मेल टाका, व्हॉट्सॲपवर नको, मेलच टाका. लिहा की तुमच्या ब्रँडचा एवढा जुना माल आमच्याकडे जमा आहे, तुमच्या ईपीआरखाली तो उचलायची सोय सांगा, कुठल्या रिसायकलरशी तुमचं बोलणं आहे त्याचं नाव आणि नोंदणी नंबर द्या. मोठ्या ब्रँडच्या साईटवर कलेक्शनचे पत्ते आणि नंबर असतात, तेही लावून बघा. उत्तर आलं नाही तर तोच मेल महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूरच्या ऑफिसला कॉपी करून पुन्हा पाठवा. लेखी गेलं की पुढच्या माणसाला उत्तर द्यावं लागतं, आणि उद्या तुमच्याकडे कुणी चौकशीला आलं तर तुमच्या हातात कागद असतो.

दुसरं, एकट्या दुकानाचा माल उचलायला कुठलाही रिसायकलर पुण्याहून गाडी घेऊन येणार नाही, डिझेलच परवडत नाही. पण बार्शीत मोबाईलची दुकानं काय कमी आहेत का. पाच-दहा जणांनी मिळून एकाच्या गोडाऊनमध्ये कोपरा ठरवला, बॅटरी वेगळी, बोर्डाचा माल वेगळा, केबल-चार्जर वेगळे, आणि गाडी भरण्याइतका माल झाला की फोन केला, तर येतात. रिसायकलर निवडताना मंडळाच्या यादीत त्याचं नाव आहे का ते स्वतः बघा, त्याने दाखवलेल्या सर्टिफिकेटच्या झेरॉक्सवर जाऊ नका. 2023 मध्ये प्लास्टिकच्या ईपीआरमध्ये महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकातल्या चार रिसायकलरनी मिळून सहा लाखांच्या वर खोटी सर्टिफिकेटं काढल्याचं खुद्द केंद्रीय मंडळाला सापडलं होतं, त्यामुळे कागद दिसला म्हणजे काम झालंच असं धरू नका. यादीत लिथियम बॅटरीवाले वेगळे, लेड-ॲसिडवाले वेगळे, ई-कचऱ्यावाले वेगळे असतात. जो एका गोष्टीसाठी नोंदलाय त्याला दुसरी देऊ नका. माल देताना वजन, तारीख, गाडी नंबर आणि पक्कं बिल घ्या. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने घराघरातून ई-कचरा घ्यायची सोय केलीय. छोट्या गावात असं काही नसलं तरी दुकानदारांच्या असोसिएशनला हे जमण्यासारखं आहे.

आता भंगारवाला. मी त्याला वाईट म्हणत नाही, त्याच्यामुळेच या देशात निम्मं-अर्धं काहीतरी परत वापरात येतं, आणि पुठ्ठा, पत्रा, रिकामी कॅबिनेटं त्याला खुशाल द्या. पण इन्व्हर्टरच्या बॅटरीला तो जास्त भाव कसा देऊ शकतो हा प्रश्न स्वतःला विचारा. लेड-ॲसिड बॅटरीच्या वजनात साधारण 60 टक्के शिसं असतं, शिसं विकलं जातं, म्हणून या बॅटरीला नेहमीच गिऱ्हाईक असतं. नोंदणी असलेला कारखाना ॲसिड वेगळं घेतो, त्यावर प्रक्रिया करतो, धूर फिल्टर करतो, कामगारांच्या रक्तातलं शिसं तपासतो, या सगळ्याला पैसे लागतात. बेकायदा भट्टीवाला कुऱ्हाडीने वरचं झाकण तोडतो, ॲसिड तिथंच जमिनीत ओततो, प्लेटा काढून उघड्या भट्टीत टाकतो. हे सगळे खर्च वाचले, त्यातले थोडे तुम्हाला जास्त भाव म्हणून मिळाले. बाकीची किंमत त्या भट्टीच्या शेजारी राहणारी लहान मुलं भरतात. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेने 2020 साली अहवाल काढला, जगात 80 कोटींपर्यंत मुलांच्या रक्तात शिसं धोक्याच्या पातळीला किंवा वर आहे, म्हणजे दर तीन मुलांमागे एक, आणि त्यातली सगळ्यात जास्त आपल्या देशात. जुन्या बॅटऱ्या अशा उघड्यावर फोडणं हे त्याचं एक मोठं कारण सांगितलंय. शिसं मुलाच्या मेंदूवर बसतं, अभ्यासात मागे पडतं, चिडचिड वाढते, आणि झालेलं नुकसान औषधाने भरून येत नाही. घातक नाही अशी शिशाची कुठली पातळीच माहीत नाही असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. म्हणून इन्व्हर्टरची बॅटरी डिस्ट्रिब्युटरच्या एक्स्चेंजमध्येच परत पाठवा, दोनशे-तीनशे रुपये कमी मिळाले तरी. आणि ती उभीच ठेवा, आडवी टाकू नका, ॲसिड काढून वजन करायला सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

फोनच्या बोर्डाचं पण तेच. सोनं-तांब्याचा अंश असतो म्हणून बोर्डाला भाव आहे, आणि तो अंश काढायला बोर्ड कोळशावर तापवून चिप सोडवतात, मग ॲसिडच्या टबात बुडवतात, वायरी तांब्यासाठी जाळतात. रबर-प्लास्टिक जळतानाचा तो काळा धूर ज्याने एकदा घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको. लॅपटॉपचे जुने सेल तर जुन्या पॅकमधून काढून पुन्हा स्वस्त पॅकमध्ये भरून विकले जातात, आणि मग आपणच बातमी वाचतो की चार्जिंगला लावलेली पॉवर बँक पेटली. 2022 साली जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम 22 टक्के नीट नोंद होऊन रिसायकल झाला, हे संयुक्त राष्ट्रांचे आकडे आहेत. उरलेला कुठं गेला ते असल्या गल्ल्यांमध्ये बघायला मिळतं.

एक गोष्ट लक्षात घ्या, शिशाची बॅटरी परत येते कारण तिला भाव आहे. इयरबड्समधली, पॉवर बँकमधली, खेळण्यातली लिथियमची बारकी बॅटरी परत येत नाही कारण तिला गावात कुणी काही देत नाही, ती ओल्या कचऱ्याच्या पिशवीत जाते आणि नगरपालिकेच्या डेपोत कॉम्पॅक्टरखाली फुटते. ही बॅटरी परत यावी म्हणूनच तो ईपीआर आहे, आणि इथंच तुमच्या दिवाळीच्या बेताचा विषय येतो.

तुमचं म्हणणं, इम्पोर्टर मुंबईचा, माल चीनचा, आपण फक्त नाव छापणार. भाऊ, त्या नावानेच सगळं बदलतं. दोन्ही नियमांत प्रोड्यूसर कोण याची व्याख्या आहे, आणि दुसऱ्याने बनवलेला माल स्वतःच्या ब्रँडने विकणारा त्यात सरळ सरळ धरलाय. तुम्ही कारखाना काढला नाही, जहाजातून काही आणलं नाही, तरी पॉवर बँकवर तुमच्या दुकानाचं नाव आलं की कायद्याच्या नजरेत तुम्ही दुकानदार राहत नाही. इम्पोर्टर म्हणेल माझ्याकडे ईपीआर आहे काळजी करू नका, तर त्याची नोंदणी त्याच्या ब्रँडला आहे, तुमच्या नावाला नाही.

सीएंनी तुम्हाला कदाचित असंही सांगितलं असेल की मायक्रो उद्योगाला सूट आहे. ती अर्धीच खरी आहे. ई-कचऱ्याच्या नियमांतून सूक्ष्म उद्योग वगळलेत, एप्रिल 2025 पासून ही मर्यादा अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल अशी झालीय, तुमचं दुकान त्यात बसत असेल तर सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदणी करून कागद जवळ ठेवा. पण बॅटरीच्या नियमांत ही सूट नाही. पॉवर बँक म्हणजे मुळात बॅटरीच, आणि ब्लूटूथ स्पीकरमध्येही बॅटरी आहे. उपकरणाच्या आतली बॅटरी पण त्यात मोजतात. म्हणजे स्पीकरचा प्लास्टिकचा डबा सुटला तरी आतल्या सेलची जबाबदारी तुमच्या गळ्यात राहतेच.

मग करायचं काय. तुम्हाला नाव छापायचंच असेल तर केंद्रीय मंडळाच्या बॅटरी पोर्टलवर आधी प्रोड्यूसर म्हणून नोंदणी करा, माल येण्याआधी, नंतर नाही. किती किलो बॅटरी बाजारात टाकली त्याची नोंद ठेवा, नग नाही, किलो. दर वर्षी 30 जूनपर्यंत रिटर्न भरावं लागतं, टार्गेटइतकी सर्टिफिकेटं घ्यावी लागतात. बॅटरीवर काट मारलेल्या कचरापेटीचं चिन्ह लागतं, आणि ईपीआरचा नंबर बारकोड किंवा क्यूआर कोडवर द्यायची सोय 2025 मध्ये झालीय, तेव्हा इम्पोर्टरला आर्टवर्क द्यायच्या आधी हे ठरवा, नाहीतर छापलेली खोकी फेकून द्यावी लागतील. शिवाय पॉवर बँकला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, सक्तीची नोंदणी लागते, आतल्या सेलला वेगळी, ती मॉडेल आणि ब्रँडसकट बघून घ्या, इम्पोर्टरने दुसऱ्याच मॉडेलचा नंबर तुमच्या खोक्यावर मारला तर उद्या पेटलेल्या पॉवर बँकसाठी दारात तुम्हीच उभे असाल.

आणि एवढा व्याप दोन-चारशे पॉवर बँकसाठी करायचा नसेल, मला तर तो तुमच्यासाठी आत्ता परवडणारा दिसत नाही, तर सरळ मार्ग आहे. ज्या ब्रँडची नोंदणी आहे त्याचाच माल घ्या आणि विका, बॉक्सवर त्याचंच नाव, आणि तुमच्या दुकानाचं नाव वॉरंटी कार्डावर किंवा पिशवीवर. गिऱ्हाईक तुमच्या शब्दावर माल घेतं, डब्यावरच्या नावावर नाही. दिवाळीला नफा थोडा कमी होईल, मान्य आहे. पण प्रोड्यूसर व्हायचं तर पुढची कित्येक वर्षं तो हिशोब द्यावा लागतो, माल एका सीझनमध्ये संपला म्हणून जबाबदारी संपत नाही.

वडिलांचं म्हणणं, कोण बघायला येतंय. त्यांचा धंद्यातला अनुभव मोठा आहे आणि इतकी वर्षं खरंच कुणी आलंही नसेल, त्यांच्याशी वाद घालू नका, फक्त दोन गोष्टी सांगा. एक, आता तपासणी दुकानात येऊन होईलच असं नाही, ती कागदावर होते. बाहेरचा माल ईपीआरशिवाय कस्टममध्ये अडकतो, जीएसटीच्या बिलावर काय विकलं ते दिसतं, आणि हे आकडे एकमेकांशी जुळवता येतात. दोन, दंड. टार्गेट भरलं नाही तर पर्यावरण भरपाई लागते आणि ती भरली म्हणून टार्गेट माफ होत नाही, पुढच्या तीन वर्षांत ते पूर्ण करावंच लागतं. वर पर्यावरण संरक्षण कायद्यात आता तुरुंगाच्या जागी दंड आलाय, तो दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत जाऊ शकतो. दुकानाची पत ज्यांनी उभी केली त्यांना पंधरा लाख आकडा ऐकला की पुढचं समजावून सांगावं लागणार नाही.

आणि त्यांना हेही विचारा की जुनी बॅटरी जमा करून घ्यायची आणि सूट द्यायची ही पद्धत त्यांनी किती वर्षं चालवली. तीच तुम्ही लिथियमला लावू शकता, कायद्याची वाट न बघता. काउंटरवर एक डबा ठेवा, प्लास्टिकचा, बारक्या तोंडाचा, वर ठळक लिहा "जुने सेल, मोबाईल बॅटरी, इयरबड्स इथे द्या". स्वतः टाकू देऊ नका, हातात घ्या आणि टेप लावून टाका. जुना देणाऱ्याला नव्या केबलवर किंवा कव्हरवर दहा-वीस रुपये कमी करा. फोन असेल तर आधी सिम आणि मेमरी कार्ड काढून, समोरच रिसेट करून घ्या, लोक फोन परत देत नाहीत याचं निम्मं कारण आतले फोटो असतात. तो डबा रोज रात्री दुकान बंद करताना मागे वाळूच्या बादलीजवळ नाही, तर वेगळ्या कोरड्या जागी, भिंतीपासून लांब ठेवा. जमलेला माल वर्षभर साठवून बसू नका. प्रोड्यूसर आणि रिसायकलरलासुद्धा ई-कचरा साधारण 180 दिवसांच्या वर ठेवायला मनाई आहे, तुम्ही तर बाजारपेठेत आहात, वर कुणीतरी राहत असणार.

राहिली पतसंस्था. एका वर्षात 1000 किंवा जास्त उपकरणं वापरणारी संस्था कायद्यात मोठी ग्राहक धरली जाते आणि तिला माल नोंदणी असलेल्यांनाच द्यावा लागतो. गावची पतसंस्था त्यात बसत नसेल, पण फुकट मिळतंय म्हणून सगळं उचलू नका. जे कॉम्प्युटर चालू होतात, रॅम बदलून किंवा नवीन डिस्क टाकून विकता येतील, तेवढेच घ्या, वापरात राहिलेला कॉम्प्युटर रिसायकल झालेल्यापेक्षा केव्हाही बरा. मेलेले त्यांनाच रिसायकलरला द्यायला सांगा, तुमच्या असोसिएशनची गाडी येईल तेव्हा त्यात टाकता येतील असंही सांगा. यूपीएसच्या बॅटऱ्या शिशाच्या असतात, त्या एक्स्चेंजमध्ये. जे घ्याल त्याची यादी करून त्यांच्या लेटरहेडवर सही-शिक्का घ्या. आणि हार्ड डिस्क सगळ्या त्यांच्याकडूनच काढून ठेवायला लावा, खातेदारांची नावं, आधार, ठेवींचे आकडे त्यात असतात, ते दुकानात आणूच नका.